पलीकडचा धूर

व्हर्नाने बटणावरचा हात काढून घेतला आणि फोनवर बिनदिक्कत ठोकून दिलं, की तिसऱ्या टर्बाइनचं तेल अजून तापलेलं नाही.

"अजून?" शहरातून वेन म्हणाला. वीज कुठे किती पाठवायची ते बघणारा हा माणूस एरवी गप्पिष्ट, पण आज त्याचा पारा चढला होता. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, घरोघरी हीटर पेटलेले, आणि सस्कॅचेवान नदीवरचं हे वीजघर अर्ध्याच ताकदीवर. "लवकर बघ. नाहीतर मला वर कळवावं लागेल."

तेल केव्हाच तापलं होतं. तापायचा राहिला होता तो पलीकडच्या काठावरचा चहा. दर शुक्रवारी तिचा बाप गिल्बर्ट गोठलेल्या नदीवरून चालत सशांसाठी लावलेले सापळे बघायला जाई आणि पलीकडे पोचला की चहासाठी शेकोटी पेटवी. तो धूर खिडकीतून दिसला की मगच व्हर्ना पाणी सोडी. आधी सोडलं तर खालून पाणी चढून बर्फ तडकणार, आणि वरचा माणूस काही हाती लागत नाही. धरण झाल्यापासून गावातल्या क्री आदिवासींनी बर्फावरून जाणं जवळजवळ सोडलंच होतं. म्हातारा मात्र हट्टाला पेटलेला. पुलावरून जाण्यात त्याला कमीपणा वाटे.

आज धूर नव्हता. दुर्बिणीतून वळणापर्यंत नुसतं पांढरं दिसत होतं. तिने घरी फोन लावून आईला धूर दिसत नसल्याचं सांगितलं.

आई म्हणाली, "सोड पाणी. ते बर्फावर नाहीत."

"तुला काय माहीत?"

"तुला तिथे नोकरी लागली तेव्हापासून पुलावरूनच जातात. आज रस्त्यावर बर्फ साचलाय, म्हणून उशीर झाला असेल. मी सांगितलं हे बोलू नकोस त्यांना."

तेवढ्यात दुसरा फोन वाजायला लागला. वेनच असणार. बापाच्या जिवाची गोष्ट, आणि हाताशी फक्त आईचा शब्द. व्हर्नाने बटण दाबलं.

पायाखालची फरशी थरथरली. खाली नदी कडाडली आणि फुटलेल्या बर्फावर काळं पाणी पसरत गेलं. ती खिडकीला चिकटून उभी राहिली. बऱ्याच वेळाने वळणाआडून धूर वर आला, तेव्हा तिला रडू आवरेना.

रविवारी ती आईकडे जेवायला गेली. गिल्बर्ट सशाचं कालवण ओरपत बसला होता.

"नदी कशी होती, बाबा?"

"पक्की. मध्यावर जरा करकरली. पण मी काय आज चालतोय होय तिच्यावर?"

आई मान खाली घालून पाव तोडत राहिली.

"पुढच्या शुक्रवारीही थांबेन मी धुरासाठी," व्हर्ना म्हणाली.

गिल्बर्टने आपल्या वाडग्यातली सशाची तंगडी तिला वाढली.

"थांब, पण फार नको, पोरी. उगाच तुझ्या नोकरीवर यायचं."