एकशे चाळीसचा डोंगर

मित्रांनो, मी रक्तदाब मोजायचे एक जुने यंत्र आहे. माझ्या पोटात पारा आहे आणि खरे सांगायचे तर अंगात थोडा ताठाही आहे. कारखान्यात माझ्या काचेच्या नळीवर बारीक रेघा आखल्या, तेव्हापासून मी एकदाही खोटा आकडा दाखवलेला नाही.

माझी कामाची वर्षे एका दवाखान्यात गेली. तिथली सिस्टर माझा पट्टा लोकांच्या हाताला गुंडाळायची, रबरी फुगा दाबायची आणि आकडा वहीत लिहायची. विद्यापीठाची मोठी आरोग्य पाहणी चालली होती, आमचा दवाखाना तिचे केंद्र सात होता, त्यासाठी हे आकडे हवे होते. रांग पार दारापर्यंत जायची. मी एकशे अडतीस दाखवायचे आणि वहीत एकशे चाळीस पडायचे. मला भारी राग यायचा, पण यंत्राचे ऐकतो कोण?

पुढे बिनपाऱ्याची यंत्रे आली. वह्यांबरोबर माझीही विद्यापीठात रवानगी झाली. प्राध्यापक बाईंच्या खोलीतल्या कपाटात मी धूळ खात पडले.

गेल्या महिन्यात त्या खोलीत पीएचडीच्या मुलाखती होत्या. जागा एकच. बाई प्रत्येकाला एक आलेख दाखवून विचारत, "केंद्र सातच्या आकड्यांत बरोबर एकशे चाळीसवर हा माणसांचा डोंगर कसला?" कोणी मिठाला दोष दिला, कोणी वयाला, एकाने तर संगणकालाच धारेवर धरले. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी तिथेच कपाटात बसून ऐकत होते.

पाचवी आली ती माझी सिस्टर! केस पिकले होते. नोकरी सांभाळून ती संख्याशास्त्र शिकली होती.

"या जागेच्या वयाच्या अटीत तुम्ही यंदाच बसता," बाई अर्ज चाळत म्हणाल्या.

"हो मॅडम. पुढच्या वर्षी अर्जच करता येणार नाही."

बाईंनी आलेख पुढे केला. सिस्टरने एकशे चाळीसच्या डोंगरावर बोट ठेवले. खरे सांगावे तर स्वतःचीच चूक उघडी पडणार, आपलेच दात आणि आपलेच ओठ. आता ही काय बोलते, म्हणून माझा पारा जागच्या जागी थरथरला.

"मॅडम, हा डोंगर मी केलाय," ती म्हणाली. "केंद्र सातवर मीच होते. अडतीस दिसलं की चाळीस लिहून मोकळी व्हायचे. वाटायचं, दोन अंकांनी काय बिघडतं? पण चाळीसपासून पुढे आपण माणसाला आजारी धरतो. कितीतरी धडधाकट माणसं मी कागदावर आजारी करून ठेवलीत."

बाईंनी कपाट उघडले, मला टेबलावर ठेवले आणि स्वतःची बाही वर सारली. "मोजा."

तेवढ्यात शिपाई डोकावला. "मॅडम, बाहेर अजून चौघं खोळंबलीत."

सिस्टरने मान वर केली नाही. डोळे पाऱ्याच्या पातळीला आणून तिने हवा अगदी हळूहळू सोडली आणि कागदावर लिहिले, एकशे अडतीस. मी तेवढेच दाखवले होते.

जागा तिलाच मिळाली. आता ती केंद्र सातच्या वह्यांवरच संशोधन करते आहे आणि अधूनमधून मला पुसतेही.

मित्रांनो, तुम्ही मला पुसले नाहीत तरी मी रुसणार नाही. फक्त रांग कितीही लांब असो, मी दाखवते तेच लिहा. माझ्या पट्ट्यात प्रत्येक वेळी कोणाचा तरी हात असतो.