बुजगावण्याची जागा

मित्रांनो, मी एक जुना सॉफ्टबोर्ड आहे. तुमच्या वर्गात सूचना टाचायला असतो ना, तसाच. पण माझ्या नशिबी जाहिरातीचं ऑफिस आलं. एका सुताराने चौकट ठोकली, तिच्यावर हिरवं कापड ताणलं आणि मला भिंतीवर चढवलं. मी इतका कोरा करकरीत होतो, की पहिली टाचणी टोचताना ऑफिस चालवणाऱ्या ताईचा हात अडखळला. "सोसशील ना रे?" असं तिने मला चक्क विचारलं.

बाबा गेल्यावर ताईने आणि तिच्या धाकट्या भावाने मिळून हे ऑफिस थाटलं होतं. भाऊ चित्रं काढायचा, ताई गिऱ्हाइकं सांभाळायची. आणि गिऱ्हाइकं तरी कशी! एकाला निळा रंग हवा, पण निळा दिसायला नको. दुसऱ्याचं मेहुण्याला विचारल्याशिवाय पान हलायचं नाही. त्यावर ताईने एक तोड काढली होती. माझ्यावर नेहमी तीन चित्रं लागायची. मधे चांगलं, उजवीकडे बरं आणि डावीकडे मुद्दाम बिघडवलेलं. त्याला दोघं बुजगावणं म्हणत. गिऱ्हाईक आधी बुजगावण्यावर तुटून पडायचं, मनसोक्त नावं ठेवायचं आणि शांत झालं की मधलं पसंत करायचं. ते गेल्यावर भावंडं पोट धरून हसायची. मलाही मजा यायची, खोटं कशाला बोलू?

मग बुटांच्या कारखान्याचे मालक आले. अजून जरा मोठं करा, अजून जरा उजळ करा, हेच त्यांचं पालुपद. आम्ही त्यांचं नावच अजूनजरा ठेवलं. त्यांच्यापायी ताईची झोप उडाली, जेवण सुटलं, भावाशी बोलतानाही तिचा आवाज चढू लागला. पण ते गेले असते तर ऑफिसला कुलूप लागलं असतं.

एका सकाळी भावाने घरी जीव ओतून काढलेलं चित्र आणलं. एक माणूस गुडघे टेकून छोट्या मुलीच्या बुटाची नाडी बांधतोय; खाली वाकल्यामुळे त्याचं नुसतं टक्कल दिसतंय. ताई फोनवर अजूनजरांची मनधरणी करत होती. "ठेव, बघते," अशी तिने हातानेच खूण केली. तो चहा सांगायला खाली गेला आणि इकडे अजूनजरा ठरल्या वेळेआधीच येऊन टपकले. बुजगावणं तर तयारच नव्हतं. ताईने टेबलावरचं ते चित्र उचललं आणि धड न बघताच माझ्या डाव्या बाजूला टाचलं. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

अजूनजरांना आयतंच सापडलं. हा टकल्या खाली काय शोधतोय, हरवलेलं बटण का, असं म्हणून ते खदखदा हसले. ताईही हसली, नेहमीसारखीच. कुणी काढलंय हे, असं त्यांनी विचारलं.

"नवीन आहे एक," ताई म्हणाली. "शिकतोय अजून."

भाऊ तेव्हा दारात उभा होता.

मधलं चित्र पसंत करून अजूनजरा खुशीत निघून गेले. भाऊ माझ्याजवळ आला. त्याने एकेक टाचणी काढून डबीत ठेवली, चित्राची गुंडाळी केली.

"ताई, बाबा आहेत ते," तो म्हणाला. "आणि ती तू."

त्यानंतर तो ऑफिसात आला नाही. ताई त्याच्या घरी जाऊन आली. त्याने दार उघडलं, पाणी दिलं, पण चित्र काही दाखवलं नाही. आता दुसरं कुणीतरी चित्रं काढतं. कुलूप लागलं नाही, एवढं खरं. डावीकडे मात्र ताई काहीच लावत नाही. कधी कधी ती तिथल्या भोकांवर बोट दाबून बघते, मिटतात का म्हणून. ती मिटत नाहीत.

मित्रांनो, अवघड माणसं तुम्हालाही भेटतील. त्यांना जरूर सांभाळा, पण त्यांना खूश करायला आपलं माणूस पुढे टाकू नका. टाचण्या मला टोचा, माझा जन्मच त्यासाठी आहे. तरी पहिली टोचण्याआधी ताईने मला विचारलं होतं. भावाला तिने विचारलं नाही.