मायनस अठरातली जास्वंद

थंडी या विषयावर सूर्यकांत प्रधानांना बोला म्हणावं लागत नसे. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका कोल्ड स्टोअरचे ते मॅनेजर. बाहेर सत्तेचाळीस डिग्री असताना गाडीत जाड कोट टाकून कामाला निघणारा बर दुबईतला दुसरा मराठी माणूस कुणाच्या पाहण्यात नव्हता. बारशाला, हळदीकुंकवाला बायकोला सोडायला गेल्यावर, मंदिराच्या गल्लीत चपला शोधताना, ते कुठेही सांगत, "थंडीत निष्काळजीपणाला माफी नाही. एक दरवाजा उघडा राहिला, की खलास."

दोन हजार सालच्या जुलैत शेजारच्या कुंदावहिनी सुट्टीला साताऱ्याला निघाल्या, तेव्हा जास्वंदीची कुंडी घेऊन त्यांच्याकडेच आल्या, यात म्हणूनच नवल नव्हतं.

"भावजी, एवढी सांभाळा. आमच्या गणपतीला पहिलं फूल हिचंच असतं, आठ वर्षं चुकलेलं नाही. खालच्या सिंधीणबाई मागत होत्या, पण म्हटलं, तुमच्यासारखा माणूस शेजारी असताना..."

पुढचं वाक्य सूर्यकांतांनी मनातल्या मनात स्वतःच पूर्ण केलं, आणि जरा लांबवलंही.

आठव्या दिवशी बिल्डिंगचा एसी बंद पडला. घराची भट्टी झाली. बायको सुहासिनी आणि मुलगी शुभ्रा करामाला मावशीकडे गेल्या. सूर्यकांतांनी जास्वंदीला पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला आणि शारजाला नेलं. माल उतरवायच्या खोलीत पंधरा डिग्री असे. साताऱ्याच्या बाईच्या झाडाला महाबळेश्वर मानवेल, असा त्यांचा विचार.

दुपारी न कळवता फ्रोझन चिकनचा कंटेनर आला. सूर्यकांत केबिनमधून गरजले, "यल्ला, सब अंदर लो. एक चीज बाहर नहीं दिखनी चाहिए."

माणसं त्यांनीच तयार केलेली, शिस्तीची. एकही चीज बाहेर दिसली नाही.

तीन तासांनी चहा पिताना त्यांना जास्वंद आठवली. फ्रीझरमध्ये, मायनस अठराला, कोंबड्यांच्या दोन थप्प्यांच्या मधे ती ताठ उभी होती. कुंडीवर 'कीप फ्रोझन' असं स्टिकरही कुणीतरी इमानदारीने लावलं होतं. त्यांनी एका पानाला बोट लावलं. पान पापडासारखं मोडलं. बाहेर आणल्यावर तासाभरात सगळ्या झाडाची उकडलेल्या पालकाची जुडी झाली. सूर्यकांतांनी स्टिकर सोललं आणि, का कोण जाणे, पाकिटात ठेवलं.

त्याच आठवड्यात एसी सुरू झाला, बायको-मुलगी परतल्या, आणि साताऱ्याहून फोन आला. "कशी आहे हो जास्वंद?"

"एकदम फ्रेश," ते म्हणाले. शब्द धंद्यातलाच आला.

"कळ्या?"

"आज एक उमलली."

फोन ठेवल्यावर सुहासिनीने विचारलं, "अहो, कुठे उमलली?"

"त्यांना तिकडे उगाच टेन्शन कशाला."

ऑगस्टच्या शेवटापर्यंत फोनवर अकरा फुलं आली. साताऱ्याचा फोन आला की सुहासिनी स्वयंपाकघरात जाऊन मिक्सर लावी. शुभ्रा एकदा म्हणाली, "डॅड, यू आर सो गुड ॲट धिस." हे कौतुक आहे की काय, हे तपासायचं त्यांनी टाळलं.

बिल्डिंगसमोरच्या झाडांना पाणी घालणारा विष्णू गढवालचा. पहिल्या फुलाच्या दुसऱ्याच दिवशी सूर्यकांतांनी त्याला कुंडी दाखवली, तेव्हा त्याने डोकं खाजवलं. "साब, ये गर्मी का नहीं है. ये पाले का, ठंड का मारा है. हमारे पहाड़ में होता है. दुबई में पाला किधर पड़ा?"

सूर्यकांतांनी कुंडी उगाच थोडी फिरवून ठेवली. विष्णूने पुन्हा विचारलं नाही, ते जास्त लागलं.

"अभी काटना नहीं," विष्णू म्हणाला. "छाया में रखो. मिट्टी सूखे तब थोडा पानी. खाद बिलकुल नहीं. बीमार को बिर्याणी नहीं देते."

रोज सकाळी कामावर जाण्याआधी कोल्ड स्टोअरचा मॅनेजर बाल्कनीच्या सावलीत उकिडवा बसून मातीत बोट घाली. पंधरा दिवसांनी विष्णूने नखाने साल खरवडून दाखवली. वर सगळं तपकिरी, आणि बुडाशी, मातीपासून चार बोटं, पोपटी रेघ. तेवढं ठेवून वरचं सूर्यकांतांनी स्वतःच्या हाताने छाटलं. त्या आठवड्यात एका वाढदिवसाला कुणीतरी फ्रीजमध्ये बर्फ का साचतो म्हणून विचारलं, तर ते म्हणाले, "मला नाही सांगता येणार." लोकांनी त्यांच्या तब्येतीची चौकशी केली.

ऑगस्टअखेरीला खुंटाला दोन पानं फुटली, उंदराच्या कानाएवढी. गणपती शुक्रवारी, कुंदावहिनी बुधवारी येणार. मंगळवारी सूर्यकांत नर्सरीत गेले आणि हुबेहूब तशी, फुललेली जास्वंद काउंटरपर्यंत घेऊन आले. पाकीट उघडलं, तर नोटांच्या आधी स्टिकर बाहेर आलं. त्यांनी झाड जागेवर नेऊन ठेवलं.

बुधवारी वहिनी कंदी पेढ्यांचा बॉक्स घेऊनच आल्या. "हे आमच्या सासूबाईंनी दिलेत, खास तुम्हाला. तुमच्या प्रत्येक फुलाला देवापुढे साखर ठेवत होत्या. अकरा वेळा ठेवली."

सूर्यकांतांनी कुंडी आणली. मग सगळं सांगितलं, पंधरा डिग्रीपासून अकराव्या फुलापर्यंत, आणि पुरावा म्हणून स्टिकरही पुढे केलं. वहिनींनी ते दोनदा वाचलं.

"देवाची जास्वंद," त्या हळूच म्हणाल्या, "चिकनमध्ये?"

"दोन थप्प्यांच्या मधे," सूर्यकांत म्हणाले. निदान एवढं तरी अचूक सांगावं, असं त्यांना वाटलं.

वहिनींनी कुंडी उचलली, आपल्या घरात गेल्या आणि दार लावून घेतलं. पेढे मात्र परत नेले नाहीत. ते चार दिवस टेबलावर तसेच राहिले. प्रधानांच्या घरात बॉक्स उघडायचं धाडस कुणाला होईना.

शुक्रवारी वहिनींकडे वीसेक माणसं होती. गणपतीशेजारी तो खुंट, दोन पानांसकट, मांडून ठेवलेला. कुणीतरी विचारलंच, "यंदा घरचं फूल नाही?"

"होती की, चांगली अकरा," निरांजन लावता लावता वहिनी म्हणाल्या. "भावजींनी सगळी फोनवरूनच वाहिली."

लोक हसले, काही कळलं म्हणून नव्हे, सणाचा दिवस म्हणून. आरती सुरू झाली. सूर्यकांतांनी डोळे मिटले ते मंत्रपुष्पांजली संपेपर्यंत उघडलेच नाहीत. सगळ्यांना ते भाविक वाटले.

डिसेंबरात एका सकाळी फोन वाजला. दोन घरांत दहा पावलांचं अंतर, पण वहिनींनी फोनच केला.

"भावजी, एक फूल आलंय. या बघायला. फोनवर दिसत नाही."

ते गेले. गुडघाभर वाढलेल्या झाडावर एक लाल फूल होतं, खरोखरचं. त्यांनी हात पाठीमागे बांधले. खाडीकडून गार वारा येत होता.

"रात्री हिला आत घेऊ का बाहेरच ठेवू?" वहिनींनी विचारलं. "थंडीतलं आपलं तुम्हालाच कळतं."

सूर्यकांतांनी पाठीमागचे हात सोडवून मातीत बोट घातलं.

"विष्णूला विचारून सांगतो," ते म्हणाले.