ताईंच्या खिडकीखालची घाणेरी

तिला सगळे पेंटरीण म्हणत. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांचे फलक, गाड्यांचे नंबर, म्हणाल ते ती रंगवून द्यायची आणि तिच्या अक्षराला तोड नव्हती. पण पाणीपुरवठा कार्यालयाच्या बागेतल्या बारा पाट्यांचं काम तिला मिळालं ते नणंदेमुळे. नणंद तिथे मुख्य कारकून. नवऱ्याची थोरली बहीण, म्हणून घरात सगळ्यांच्या ताई. मनाने वाईट नव्हत्या, पण स्वच्छतेचं खूळ भारी. भावाकडे आल्या की आधी ओट्याच्या कडेवरून बोट फिरवायच्या, मग त्या बोटाकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "छान ठेवलंयस हं घर." ते "हं" पेंटरिणीला आठवडाभर पुरायचं.

माळीकाकांनी तिच्या हातात झाडांची यादी दिली. सातव्या नावावर ती अडखळली.

"घाणेरी? हे काय नाव झालं, काका?"

"त्या झुडपाचं. ते बघा, गुलाबी-पिवळ्या गुच्छांचं."

"इतक्या गोड फुलाला?"

"पान चुरडून बघा."

तिने चुरडलं, नाकाशी नेलं आणि हात लांब धरला. "अगंबाई!"

"नावं ठेवलीत ती पानाला, फुलाला नाही," काका हसले. "ह्या वासापायी गुरं तोंड लावत नाहीत. म्हणून तर कुंपणाला बरी. कोणी टणटणीही म्हणतात, पण आमच्याकडे आपली घाणेरीच."

झुडूप नेमकं ताईंच्या खिडकीखाली होतं. पेंटरिणीच्या हे लक्षात आलं, आणि तिने यादीची घडी करून ती पिशवीत टाकली.

अकरा पाट्या तिने साध्या, सरळ अक्षरात काढल्या. सातवी हातात घेतली तेव्हा, खोटं कशाला बोला, तिचा हात जरा जास्तच लाडात आला. 'घा'च्या कान्याला बाक दिला, 'री'च्या वेलांटीला झोका दिला, खाली एक नाजूक वेलही ओढली. नवऱ्याने विचारलं, "काय गं, एकटीच काय हसतेस?" तर म्हणाली, "रंग छान बसलाय."

सोमवारी काकांनी पाट्या रोवल्या. दुपारच्या जेवणाला नवरा पडेल चेहऱ्याने घरी आला.

"ताईचा फोन होता. तिच्या खिडकीखाली तू काय लिहून ठेवलंयस?"

"झाडाचं नाव."

"अख्खं ऑफिस खिडकीपाशी येऊन मोठ्याने वाचतंय म्हणे. ती म्हणाली, 'तुझ्या बायकोला सांग, मी मेले तरी तुमच्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही.'"

"नाव काय मी ठेवलंय? यादीत होतं ते लिहिलं!"

"मला नको सांगू. तिला सांग," नवरा म्हणाला आणि आमटीत तोंड घातल्यासारखा जेवू लागला. बहीण आणि बायको यांच्यामध्ये सापडलेल्या माणसाला ताट हाच काय तो आधार.

मंगळवार गेला, बुधवार गेला. ताईंचा फोन नाही. एरवी फोन आला की पेंटरिणीच्या कपाळाला आठी पडायची; आता तो येत नाही म्हणून चैन पडेना. गुरुवारी तिने नवी पाटी रंगवली, 'टणटणी', आणि ती पिशवीत घालून कार्यालय गाठलं. जुनी पाटी उपसायला ती वाकली तोच वरून खिडकी उघडली.

"काय चाललंय?"

"नाव बदलतेय, ताई. ह्याला टणटणीही म्हणतात."

"वा! म्हणजे आता माझ्या आवाजावरून हसतील. राहू दे ते. थांब, मी येते खाली."

ताई आल्या. पदर खोचलेला, चष्मा कपाळावर. पेंटरिणीने आधीच सुरुवात केली, "तुमची शपथ ताई, यादीतच तसं—"

"अगं, मला शिकवतेस का घाणेरी म्हणजे काय? आमच्या लहानपणी घरामागे ह्याचंच कुंपण होतं. तुझ्या नवऱ्याला मी ह्याच फुलांच्या आंगठ्या करून घालायची. एका फुलाच्या देठात दुसरं खोवायचं, की झाली. रडका होता, आंगठी तुटली की भोकाड पसरायचा."

"मग रागावलात कशाला?"

ताईंनी बोट उचललं. पेंटरिणीला वाटलं, आता पाटीवरची धूळ बघतात. पण ते बोट वेलांटीवरून हळूच फिरलं.

"नावावर नाही रागावले. सगळ्या बागेत हिंडून आले मी. अकरा पाट्या सरळ आणि हिलाच तेवढी वेलबुट्टी! एवढ्या प्रेमाने कोणी झुडपाचं नाव लिहितं का गं?"

पेंटरिणीचा चेहरा लालेलाल झाला. काहीतरी थाप मारावी असं आलं होतं ओठावर, पण समोर ताई होत्या.

"चुकलं, ताई," ती म्हणाली. "तुम्ही ओट्यावरून बोट फिरवता ना, तेव्हा मला असं वाटतं की... की ते बोट धरून बुडवावं कशाततरी."

"कशात?"

"रंगात," ती गडबडीत म्हणाली.

ताई आधी हसू दाबत होत्या, मग त्यांना ते आवरेना. चष्मा घसरून नाकावर आला. हसता हसताच त्या म्हणाल्या, "आमची आई माझ्या ओट्यावरून फिरवायची बोट. मला असा राग यायचा! आणि बघ, मीही तेच करायला लागले. एकदा तोंडावर सांगायचंस की नाही?"

"तुम्हाला? तोंडावर?"

"बरं, ते जाऊ दे."

काकांकडून रंगाचे डबे आणि ब्रश मागून पेंटरीण तिथेच पायरीवर बसली. वेलबुट्टीची पाटी पांढरी करून, ती वाळल्यावर तिने सरळ, साध्या अक्षरात पुन्हा घाणेरी लिहिलं. ताई उभ्या राहून बघत होत्या, आणि वेलांटी जरा मोठी झाली असं त्यांनी दोनदा सांगितलं. मग दोघी कँटीनमध्ये गेल्या. चहा यायच्या आत नवऱ्याचा फोन वाजला.

"कुठे आहेस?"

"ताईंबरोबर चहा पितेय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तो दबक्या आवाजात म्हणाला, "बाजूला कोणी असेल तर नुसतं हो-नाही म्हण. सगळं ठीक आहे ना?"