उजवा खटका

बेटावरची वीज उभी हयात इंजिनवाल्याच्या हातात होती. संध्याकाळी तो शेडमधलं डिझेलचं इंजिन सुरू करायचा आणि भिंतीवरचे दोन मोठे खटके, एक डाव्या आळीचा, एक उजव्या आळीचा, दोन्ही हातांनी एकदम वर फेकायचा. खाडकन आवाज व्हायचा आणि अख्खं बेट उजळायचं. पोरंटोरं ते बघायला दारात गर्दी करायची. माणूस मात्र खडूस. त्याच्याशी कुणाचं वाजलं की त्या घरची वायर हमखास सैल व्हायची. पण अडला हरी, गाढवाचे पाय धरी. लोक गोड बोलून राहायचे.

मग समुद्राखालून केबल आली. गरज सरो नि वैद्य मरो, इंजिनवाल्याला कुत्रंही विचारेना. त्यात केबलच्या कामावर सांधे जोडायला त्याचाच मुलगा. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ," म्हातारा चारचौघांत म्हणायचा आणि घरी आल्यावर पोराच्या ताटात स्वतःहून वाढायचा. जीव होता त्याचा पोरावर.

त्या दिवशी एका बोटीचा नांगर फरफटत गेला आणि केबल तुटली. दुरुस्तीच्या बोटीवर जाण्याआधी मुलगा शेडमध्ये आला.

"बाबा, इंजिन लावायचं तर लावा. आता दोन्ही आळ्या डाव्या खटक्यावर आहेत. उजवा सरळ केबलला जोडलाय. तो वर केलात तर वीज माझ्या हातात येईल."

"मला शिकवतोस?"

"तसं नाही. त्याला लावायचं कुलूप पलीकडच्या किनाऱ्यावर राहिलंय. थांबा, मागवून घेतो."

"मी मेलोय का? मी इथे बसलेलो असताना कुलूप कसलं?"

मुलगा हसला, पाया पडल्यासारखं करून म्हाताऱ्याचा गुडघा दाबला आणि गेला.

दुपारपर्यंत कारखान्यातल्या बर्फाचं पाणी व्हायला लागलं. मासळीचा वास सुटला तसा बर्फवाला नाक मुठीत धरून शेडवर आला. इंजिन भंगारात घाला, असं भर सभेत म्हणणारा हाच. इंजिनवाल्याने त्याला उन्हात उभं केलं आणि स्वतः सावकाश चहा संपवला.

"भंगारात घालणार होतास ना?"

"चुकलो, काका."

"मोठ्याने बोल. मागच्यांना ऐकू जात नाही."

"चुकलो!"

मागे सगळा गाव जमला होता. म्हाताऱ्याची सूनही आली होती, पदरात तोंड लपवून हसत होती. म्हाताऱ्याने दिवेलागणीपर्यंत आणखी दोघातिघांकडून माफी वदवून घेतली, तेव्हा कुठे इंजिनाला हात लावला. इंजिन खोकलं, काळा धूर ओकलं आणि धडधडायला लागलं.

"होऊ द्या, काका!" कुणीतरी ओरडलं. "पूर्वीसारखं! दोन्ही हातांनी!"

टाळ्या पडल्या. इतक्या वर्षांत त्याच्यासाठी कुणी टाळी वाजवली नव्हती. म्हाताऱ्याची छाती फुगली, बाह्या वर गेल्या आणि दोन्ही हात सवयीने दोन्ही खटक्यांवर गेले.

खाडकन.

दिवे लागले. गाव नाचला. इंजिनवाला कमरेवर हात ठेवून सगळ्यांकडे बघत राहिला. खिशातला फोन वाजला, पण इंजिनाच्या आवाजात ऐकू काय येणार? त्याने तो सुनेकडे दिला. ती बाहेर गेली.

परत आली तेव्हा तिने सासऱ्याकडे पाहिलंच नाही. ती सरळ भिंतीशी गेली, उजवा खटका दोन्ही हातांनी खाली ओढला आणि तिथेच मटकन बसली.

म्हाताऱ्याला कळायला तेवढं पुरे होतं. त्याच्या घशातून जे निघालं त्याला रडणं म्हणवेना. त्याने झेप घेऊन डावा खटकाही पाडला आणि इंजिनाशेजारी खाली बसला. गावातले दिवे गेले.

बर्फवाला पुढे आला. त्याचा आवाज अगदी मऊ होता.

"काका, वाईट झालं. फार वाईट झालं. पण आता अंधार करून तो परत येणार आहे का? आत्ता कुठे बर्फ धरायला लागला होता."

कुणीही त्याला अडवलं नाही. त्याने बसलेल्या सुनेला वळसा घालून डावा खटका वर केला. एकदम भार येताच इंजिन गुदमरलं, आचके द्यायला लागलं.

"अहो, बघा ना, बंद पडतंय!" मागून दोघेतिघे ओरडले.

इंजिनवाला उठला आणि त्याने डिझेल वाढवलं.