पाहुण्यांच्या दिवसाची गोळी

“आत्याबाई, उठा. पाहुणे मंगरूळवरून निघाले,” रंजीताने सासूला हलवलं.

“निघाले तं येतीन. मी का त्यायच्या गाडीले धक्का माराले जाऊ?” मोतीबाई डोळे न उघडता म्हणाली. जीभ उठली होती, अंग उठत नव्हतं.

नवरा, जगदेव, गेल्यापासून तिचं हे असंच. वाशीमच्या मनाच्या डॉक्टरने आधी रात्रीची गोळी दिली. रडणं थांबलं, अंगातला जडपणा काही हलेना. मग त्याने सोबत सकाळची, तरतरीची गोळी जोडली आणि दोन्ही रोज घ्यायच्या, असं बजावलं. मोतीबाईने मात्र सकाळची गोळी ठेवणीतल्या लुगड्यासारखी जपली. चार माणसं येणार, त्याच दिवशी घ्यायची. एरवी बघतंय कोण? म्हणून तर साऱ्या आसेगाव गावाने तिला कधी आडवी पाहिली नव्हती.

आज नातीला, मंजूला, पाहायला येणार होते. घरात डोक्याचं औषध चालतं हे कळलं, की सोयरीक मोडलीच.

तिने गोळी गिळली. पाहुणे बैठकीत टेकले तोवर हातापायांत जीव आला होता.

“पोह्यातले शेंगदाणे काहून बाजूले काढून राह्यले, पाव्हणे? दात घरी ठेवून आले का?”

मुलाचा मामा उकंडराव खो खो हसला. “बुढी लय खमकी हाय! बरं, एक इचारतो, राग मानू नोका. भाच्याची पयली सोयरीक याच्यानंच मोडली. पोरीच्या मायले डोक्याच्या गोळ्या चालू होत्या, आमाले कोणी सांगतलंच न्हाई. तुमच्याकडं तसं काई?”

मोतीबाई ताठ झाली. “माह्याकडं पाहा. या घरच्या बाईले थकणं ठावंच न्हाई. अन् मंजू तं माह्यावरच गेली.”

दारात आलेली मंजू चहाचे कप घेऊन तशीच मागे फिरली. पोर लाजली, असं सगळ्यांना वाटलं. लगेच कुंकू लागलं, तारीखही ठरली.

दुपार कलली तशी गोळी उतरली. मोतीबाई ओल्या पोत्यासारखी वाकळेवर पडली. मंजू नव्या साडीतच उशाशी येऊन बसली.

“आजी, तू खरंच सांगतलं. मी तुह्यावरच गेली.”

“काय बोलून राह्यली?”

“दिवाळीपासून मलेबी सकाळी उठवत न्हाई. कालेज त्याच्यानंच सुटलं. वाटते, उठून तरी करू काय? मले तुह्या डॉक्टरकडं ने.”

त्या दवाखान्याच्या बाकड्यावर अर्धा जिल्हा बसलेला असतो. उकंडरावचं कोणी ना कोणी तिथे असणारच. ते दार मोतीबाईने आज आपल्याच तोंडाने लावून टाकलं होतं.

“लगन होऊ दे,” ती म्हणाली.

“मंग?”

मोतीबाईने भिंतीकडे तोंड केलं.

“सरक,” मंजू म्हणाली.

ती सरकली. दिवसाढवळ्या दोघी एकाच वाकळेवर उघड्या डोळ्यांनी पडून राहिल्या. अंगणात रंजीता शेजारणींना साखर वाटत होती.