हनुवटीवरचा व्रण

चाळीस वर्षं मी फोटो स्टुडिओ चालवला. गिऱ्हाईक दुकानात जसं शिरे, त्यापेक्षा फोटोत बरं निघे. लग्नाळू मुलांच्या पुटकुळ्या, वधूपित्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं मी पुसलं. दोनचार लग्नं तर निव्वळ माझ्यामुळे जमली. लग्नानंतरचं काय ते दुकान बघत नसे.

तेव्हा बायकोच्या नव्या पासपोर्टचा फोटो दुसरीकडे काढणं म्हणजे न्हाव्याने दाढीला शेजारच्या दुकानात बसणं. मीच काढला.

परदेशात लेकीला मुलगी झाली होती. जावई बोटीवर, आणि साथीमुळे बोट कुठल्याच बंदरात शिरेना. लेक एकटीच बाळ आणि नोकरी सांभाळत होती. आमची तिकिटं तीनदा रद्द झाली. तोवर नात आठ महिन्यांची झाली, फोनच्या काचेत.

"एकदा उचलून घेऊ द्या हो," ही म्हणायची. जसं काही विमानं मीच बंद केली होती.

अखेर परवानगी मिळाली, तीही फक्त महिनाअखेरपर्यंत. निघताना कुणी मास्क काढायला सांगितलं नाही. तपासणाराच चार हात लांब उभा होता. मधल्या विमानतळावर मात्र काचेमागच्या अधिकाऱ्याने बोट हलवलं.

"मास्क खाली."

हिने खाली केला. त्याने फोटो पाहिला, हिला पाहिलं, परत फोटो पाहिला.

"ही कोण?"

"मीच की!"

"ओळखीची खूण म्हणून हनुवटीवर व्रण लिहिलाय. फोटोत व्रण नाही."

"लहानपणी पायरीवर आपटले होते. तीन टाके पडले," हिने हनुवटी पुढे केली. "हा बघा."

"मग फोटोतला कुठे गेला?"

ही सावकाश माझ्याकडे वळली.

"मी पुसला," मी म्हणालो. "हाताला सवय. जादा आकार लावत नाही."

तो हसला नाही. मशीनने तीनदा हिचा चेहरा तपासला आणि तीनदा नाकारला. लिहिलेली खूण आणि तोंडावरची खूण जुळत होती, पण मशीनचा भरवसा एकट्या फोटोवर. माझ्या कामावर इतका विश्वास कुठल्या गिऱ्हाइकानेही टाकला नव्हता.

निकाल लागला: हिने आल्या विमानाने परत जायचं. नवा पासपोर्ट यायला दोन महिने, आणि परवानगी तर तीन आठवड्यांत संपणार.

"मीही परत येतो," मी म्हणालो.

"काही गरज नाही. पोरगी आठ महिने एकटी खपतेय. तुम्ही जा."

"रागावलीस?"

"त्याला घरी आल्यावर वेळ आहे." तिने आपल्या बॅगेतली विणलेली टोपडी, औषधं, लेकीचे मोजे माझ्या बॅगेत कोंबले. चेन लागेना, तेव्हा बॅगेवर गुडघा ठेवून लावली. मग मास्क वर ओढला आणि शिपायाच्या मागोमाग निघाली. वळून बघेल असं वाटलं. नाही बघितलं.

पुढे चौदा दिवस हॉटेलात कोंडून घेतलं. दार वाजे, उघडेपर्यंत माणूस पसार आणि दाराशी डबा. पंधराव्या दिवशी लेकीने दार उघडलं. तिला सगळं माहीत होतं, तरी तिने आधी माझ्या मागे पाहिलं.

नात माझ्या तोंडाकडे बघून रडली, मग दमून खांद्यावर विसावली. लेकीने फोन लावून माझ्या हातात दिला.

"घेतलीत?" हिने विचारलं. "जड आहे?"

"साडेआठ किलो."

"काट्यावरचं नको. हाताला कशी लागते ते सांगा."

आयुष्यभर लोकांना हनुवटी वर, मान डावीकडे एवढंच सांगितलेला माणूस मी.

"खांदा भिजलाय," मी म्हणालो. "घाम की लाळ, कळत नाही. एक मूठ माझ्या कॉलरीत आहे, सोडत नाहीये. कानामागे श्वास लागतोय. गरम."

"झोपली?"

"झोपतेय."

"मग बोलू नका. फोन ठेवूही नका. तिच्या नाकाशी धरा."

मी धरला. पलीकडून काही ऐकू येत नव्हतं. हात भरून आला, तरी मी तो बदलला नाही.